झाडं संपतात तिथून पुढे: हिमालयातला गोल ट्रेक कसा निवडायचा

ट्रेकचा विषय निघाला की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: "किती किलोमीटर आहे?" सपाट मुलखात वाढलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि चढ म्हणाल तर सेमिनरी हिल्सचा. अंबाझरीला रोज पहाटे आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्याला कोणी "अठरा किलोमीटरचा गोल आहे भाऊ" म्हटलं, की तो मनात म्हणतो, सकाळी निघालो तर जेवायला परत.

मीही तेच म्हटलं होतं. त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी एका उघड्या धारेवर, सॅक डोक्यावर धरून, गारा खात बसलो होतो. मागे फिरायला तीन तास, पुढे जायला अडीच, आणि दोन्ही अंगांना उतरायला जागा नाही. वाट तशी अवघड नव्हतीच. ती निवडताना मी चुकीचा आकडा बघितला होता.

तेव्हापासून किलोमीटर मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी दोन गोष्टी मोजतो. झाडांच्या वर, उघड्यावर, किती तास चालायचं आहे? आणि त्या तासांत खाली झाडांत उतरता येईल अशा जागा किती? पहिल्याला मी 'उघडे तास' म्हणतो, दुसऱ्याला 'पळवाटा'. हिमालयातला कुठलाही गोल निवडताना हेच दोन आकडे कसे काढायचे ते इथे सांगतो.

उदाहरणाला रुद्रनाथ घेऊ. पंचकेदारांपैकी एक, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, सुमारे ३,६०० मीटरवर. गोपेश्वर-चोपता रस्त्यावरच्या सगर गावातून चढायचं, पनार बुग्यालवरून (बुग्याल म्हणजे झाडांच्या वरचं गवताळ कुरण) धार धरून मंदिर गाठायचं, आणि परतताना दुसऱ्या अंगाने अनुसूया मंदिरावरून मंडल गावात उतरायचं. सगर आणि मंडल एकाच रस्त्यावर आहेत. दोन्हींमधला तुकडा जीपने उरकता येतो, म्हणून गोल पुरा होतो.

आधी वृक्षरेषा नकाशावर आखा

कळसूबाईचा माथा उघडा आहे म्हणून तो वृक्षरेषेच्या वर आहे असं नव्हे. १,६४६ मीटरवर आपल्याकडे झाडं थंडीने थांबत नाहीत. तिथे कातळ, वारा, पातळ माती आणि माणसाची कुऱ्हाड यांचा हिशोब असतो. सातपुड्यातलं सर्वांत उंच धूपगड १,३५० मीटरचं, तिथेही वरपर्यंत जंगल आहे. खरी वृक्षरेषा थंडी आखते. वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान सहा-सात अंशांच्या खाली गेलं की झाडाला उंच खोड उभं करणं परवडत नाही.

पश्चिम हिमालयात ही रेषा साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरच्या दरम्यान सापडते. चढताना ती जवळ आल्याचं कळतं. उंच खरसू ओक मागे पडतात, पांढऱ्या कागदी सालीचे भूर्ज दिसू लागतात, त्यांच्या पायाशी बुटक्या बुरांसाची झुडपं येतात, मग सगळंच वाकडं आणि कमरेएवढं होतं, आणि एकदम गवत लागतं. तेच बुग्याल.

बुग्याल फोटोत फार मऊ दिसतं. पण तिथे वाऱ्याला आडोसा नसतो, उन्हाला सावली नसते, आणि वीज पडायची झाली तर आसपास सर्वांत उंच वस्तू तुम्ही असता. आणखी एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. जंगलात पायवाट एकच असते, तिला दोन्ही बाजूंनी झाडी धरून ठेवते. गवतावर मेंढ्यांच्या वीस वाटा असतात. स्वच्छ उन्हात त्या गमतीच्या वाटतात. धुकं उतरलं की त्यातली प्रत्येक वाट खरी वाटते आणि बहुतेक कुठेच जात नाहीत.

तेव्हा पहिलं काम: नकाशावर ३,४०० मीटरची रेषा शोधा आणि तिच्या वर पडणारा वाटेचा तुकडा लाल पेन्सिलीने रंगवा. तो लाल तुकडाच तुमचा खरा ट्रेक. बाकीचं म्हणजे तिथवर जाणं आणि परत येणं.

कंटूर वाचायला एक संध्याकाळ द्या

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मिळाला तर उत्तम, नाहीतर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं, कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारं एखादं ॲप चालेल. विदर्भातल्या माणसाने नकाशाला परकं मानू नये. १८०२ मध्ये मद्रासजवळ ज्याने भारताच्या महा-मोजणीला सुरुवात केली, तो विल्यम लॅम्बटन मोजणीचा पसारा घेऊन नागपूरकडे येत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचीच मोजणीची साखळी पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्याला नेऊन भिडवली.

आता हिशोब. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. कंटूरमधलं अंतर बहुधा २० मीटर असतं, पण ते नकाशाच्या तळाशी छापलेलं असतं, तिथे खात्री करा. एका सेंटिमीटरात दहा रेषा आल्या तर ५०० मीटर चालीत २०० मीटर चढ, म्हणजे सुमारे २२ अंश. दम लागेल, पण पाय नीट पडतील. पंधरा रेषा आल्या तर ३१ अंश. गवत ओलं असेल तर तिथे घसरलेला माणूस आपोआप थांबत नाही. पंचवीस रेषा म्हणजे ४५ अंश, आणि तिथून वाट जाताना दाखवली असेल तर ती एक तर नागमोडी आहे किंवा नकाशाच चुकला आहे. बर्फ असेल तर ३० ते ४५ अंशांचा पट्टा हिमस्खलनाचा मानतात. तो टाळा.

एक फसगत लक्षात ठेवा. दोन रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असेल तर १५ मीटरचा उभा कडा त्या दोघींच्या मध्ये आरामात लपतो. नकाशावर गुळगुळीत दिसणारा उतार प्रत्यक्षात पायऱ्या-पायऱ्यांचा कातळ निघू शकतो. म्हणून उपग्रहाच्या चित्रात तीच जागा सकाळच्या लांब सावल्यांत पाहा. काळी, धारदार सावली म्हणजे कडा.

किलोमीटरचे तास करा

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी आणि चांगल्या दमाच्या माणसासाठी केलेला नियम आहे तो. हिमालयात सॅक पाठीवर असताना मी उत्तराला दीडने गुणतो. गटात कोणी पहिल्यांदा येत असेल तर दुपटीने.

सगर सुमारे १,७०० मीटरवर, पनार साधारण ३,४०० च्या आसपास. अंतर बारा किलोमीटर धरलं तर चालीचे २.४ तास आणि १,७०० मीटर चढाचे २.८ तास, मिळून सव्वापाच. दीडपट केले की जवळजवळ आठ. "बारा किलोमीटर" ऐकून डोक्यात आलेल्या दिवसाशी हा दिवस जुळत नाही. म्हणून बरेच लोक वाटेतल्या ल्वीटी बुग्यालला पहिला मुक्काम करतात, आणि तेच बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी पनारपासून रुद्रनाथपर्यंत पितृधार ओलांडत धारेने जायचं. साधारण आठ किलोमीटर, जवळपास सगळं उघड्यावर. अंतर पहिल्या दिवसापेक्षा कमी, चढही कमी, तरी या गोलातला जोखमीचा दिवस हाच. चार उघडे तास पकडा. त्यात पळवाटा किती? खऱ्या अर्थाने दोनच: मागे पनार, पुढे मंदिर. मधल्या कुठल्याही नाल्याने 'सरळ खाली' उतरू म्हणणाऱ्याला थांबवा. हिमालयातले नाले वरून सभ्य दिसतात आणि खाली धबधब्यात संपतात.

माझं प्रमाण असं आहे: दोन पळवाटांमध्ये उघडे तास तीनपेक्षा जास्त असतील तर तो गोल हवामान पक्कं असल्याशिवाय करायचा नाही, आणि पाचपेक्षा जास्त असतील तर स्थानिक वाटाड्याशिवाय करायचा नाही. हे कुठल्या पुस्तकातलं नाही. त्या गारांनी शिकवलेलं आहे.

गोलाचा स्वभाव

आल्या वाटेने परतायच्या ट्रेकमध्ये परतीची वाट पाहिलेली असते. कुठे पाणी होतं, कुठे पाय घसरला होता, सगळं लक्षात असतं. गोलात अर्धं झाल्यावर प्रत्येक पाऊल नवीन. शिवाय कुठेतरी एक जागा येते जिथून पुढे जाणं मागे जाण्यापेक्षा जवळचं होतं, आणि थकलेलं मन ती जागा यायच्या आधीच "आता पुढेच जाऊ" म्हणायला लागतं. ही जागा घरीच नकाशावर शोधून ठेवा आणि तिच्यापुढे घड्याळाची वेळ लिहा. "अकरापर्यंत इथे पोचलो नाही तर मागे." अकरा वाजून वीस मिनिटांनी गटात यावर चर्चा होऊ द्यायची नाही. चर्चा नागपुरातच, तर्री-पोहे खाताना झालेली असली पाहिजे.

दिशाही घरीच ठरवायची. माझे नियम थोडे एकमेकांत अडकतात, म्हणून नीट सांगतो. हात लावून चढावं लागणारा कातळ कुठे असेल तर तो चढतीच्या बाजूला ठेवा, कारण कातळ उतरताना पायाखालचं दिसत नाही. नुसताच तीव्र उतार असेल, कातळ नसेल, तर तो उतरतीला ठेवला तरी चालतो. गुडघे बोलतील एवढंच. आणि काही झालं तरी लाल तुकडा सकाळीच पडला पाहिजे. दिशा बदलून तो दुपारी जात असेल तर बाकीचे सगळे फायदे सोडून द्या.

रुद्रनाथला मी सगरकडून चढायचं म्हणेन. हंगामात त्या बाजूला वाटेवर राहण्या-खाण्याची छप्परं असतात, वाट रुळलेली आहे, हवा बिघडली तर ओळखीच्या वाटेने परतता येतं. अनुसूयेची बाजू शांत, दाट जंगलाची, कमी माणसांची. अनुसूया मंदिर सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे धारेवरच्या खिंडीतून एका दिवसात दीड हजार मीटरहून जास्त उतरायचं. त्या उतरणीला पाणी कमी. खिंडीच्या आधीच माणशी दोन-तीन लिटर भरून घ्या. दोन काठ्या नसतील तर या बाजूचं नावही काढू नका.

झोपायची उंची

पायांना चालल्याचा त्रास होतो. उंचीचा त्रास मुख्यतः झोपायच्या उंचीने होतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असं डॉक्टर सांगतात. आपण नागपूरहून दिल्ली आणि तिथून डोंगरात येतो, म्हणजे ३०० मीटरवरून थेट. म्हणून पहिली रात्र सगर किंवा गोपेश्वरला, धावपळ न करता.

'सोपा' म्हणून विकले जाणारे काही गोल इथेच नापास होतात. मनालीजवळच्या भृगू तलावाचा छोटा गोल घ्या: गुलाबाकडून चढून वशिष्ठकडे उतरणारा. वाट खरोखर सोपी, गवताची. पण मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि तलाव ४,२०० च्या वर. दोन-तीन दिवसांत हे उरकणाऱ्यांची डोकी दुखतात आणि ते थंडीला दोष देतात. करायचाच तर मनालीत दोन रात्री जास्त काढा.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा खूप थकवा आला की वर चढणं बंद. वाढत गेलं तर खाली. चाल झिंगल्यासारखी झाली, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी दम लागला, तर रात्र असली तरी खाली. उंचीची गोळी घ्यायची का, हे नागपुरातच डॉक्टरांना विचारा, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.

आता गोल निवडताना कोणी सहसा विचारत नाही असा प्रश्न: आजारी माणसाला खाली न्यायला आधी वर चढवावं लागतं का? रुद्रनाथला लागतं. मंदिर धारेच्या थोडं खाली आहे. सगर काय आणि मंडल काय, दोन्हींकडे जाताना आधी चढ येतो. म्हणून ज्याचं डोकं पनारलाच दुखतंय त्याने पनारच्या पुढे जायचं नाही. मंदिर जवळ आलंय, देवाच्या दारातून काय परत फिरायचं, असं म्हणणारे काका प्रत्येक गटात असतात. काकांना नकाशा दाखवा.

हंगाम आणि घड्याळ

मंदिराचं दार साधारण मेच्या उत्तरार्धात उघडतं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतं. हिवाळ्यात पूजा गोपेश्वरच्या गोपीनाथ मंदिरात होते. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. तोवर बहुतेक छप्परं उठलेली असतात, म्हणजे तंबू आणि शिधा सगळा पाठीवर. आपल्यासाठी जूनचा पहिला आठवडा किंवा सप्टेंबरचा शेवट बरा. जुलै-ऑगस्टमध्ये रस्तेच दरडींनी बंद पडतात. हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा आहे, तेव्हा परवानगी आणि मुक्कामाचे चालू नियम निघण्याच्या आठवड्यात वनविभागाकडे विचारून घ्या.

जूनमध्येही उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ राहतो. सकाळी तो काचेसारखा कडक असतो, दुपारी गुडघ्यापर्यंत पाय रुततो. नकाशावर उत्तरेचे उतार वेगळे खुणावून ठेवा आणि गावात चौकशी करा. "बर्फ आहे का?" असं विचारू नका, उत्तर "थोडा आहे" येतं. "खेचरं जातात का?" विचारा.

विजेचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. सकाळी दहा-अकराला फुलकोबीसारखे ढग उभे चढू लागतात, दुपारनंतर गडगडाट. म्हणून पहाटे पाचला निघून बाराच्या आत धारेवरून उतरलेलं असणं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की धार सोडायची, एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीत शिरायचं नाही, आणि माणसांनी एकमेकांपासून लांब-लांब उकिडवं बसायचं.

नागपुरात पाय तयार करणं

डोंगर नाही ही सबब चालत नाही, जिने आहेत. दहा मजली इमारत म्हणजे सुमारे ३० मीटर. वीस फेऱ्या म्हणजे ६०० मीटर. उतरताना लिफ्ट घ्यायची नाही. मांडीचे स्नायू उतरतानाच फाटतात, आणि रुद्रनाथच्या शेवटच्या दिवशी त्यांचीच गरज आहे. मे महिन्यात हे पहाटे साडेपाचच्या आत. रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, पाठीवर आठ किलो.

एक पूर्वपरीक्षा मात्र पचमढीला द्या. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली म्हातारी माणसं महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढलेली असतात, श्रावणात नागद्वारीची वारी करून आलेली असतात. बाप्पा, त्या चिखलातून अनवाणी! तिथे उंचीची सवय होत नाही, झाडं तर वरपर्यंत सोबत असतात. पण भिजलेल्या कपड्यांत, दोन दिवस सलग, चढ-उतार केल्यावर आपलं काय होतं ते कळतं. गटातलं कोण किती बोलतं आणि किती चालतं, हेही.

खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, संत्रा बर्फी. बर्फी थंडीत दगड होते, खिशात ठेवा.

निघण्याआधीची चिठ्ठी

धारेवर मोबाईलला नेटवर्क असेलच असं नाही, आणि परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आपल्या देशात बाळगता येत नाही. परदेशातल्या भावाने भेट दिलेलं असलं तरी घरीच ठेवा. त्याऐवजी एक कागद. वर गटातल्यांची नावं आणि रक्तगट. मग दिवसवार: कुठून कुठे, कुठल्या बाजूने, मुक्काम कुठे. मागे फिरायच्या जागा आणि वेळा. सगर आणि मंडलमधल्या एकेका दुकानदाराचा नंबर, तिथे पोचल्यावर फोन करून कळवायचा. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात एक तारीख आणि वेळ: "तोवर फोन आला नाही तर ११२ ला फोन करायचा." ही वेळ ठरल्या परतीच्या बारा तासांनंतरची ठेवा. आधीची ठेवलीत तर जीपचं चाक पंक्चर झालं तरी घरात रडारड होईल.

एक प्रत सगरला मुक्कामाच्या जागी द्यायची. दुसरी माझ्याकडे फ्रिजवर असते, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी, आणि निघताना बायको ती मोठ्याने वाचून दाखवायला लावते.